ऐकू येते, पण कळत नाही : श्रवणऱ्हासाची ओळख आणि खात्रीची माहिती

“ऐकाक येता, पण कळणा नाय.” कानाची तक्रार घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या वृद्ध मंडळींचे पहिले वाक्य बहुधा हेच असते. सोबत आलेला मुलगा किंवा सून लगेच सांगते, “त्यांना हवे तेव्हा बरोबर ऐकू येते.” या दोन वाक्यांत एका घरातील कित्येक वर्षांचा रुसवा साठलेला असतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, हे समजावून सांगण्यास तपासणीच्या खोलीत पुरेसा वेळ मिळत नाही. म्हणून यंदाच्या अहवालातील आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांनी तो वाचावा, अशी विनंती आहे. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

कान कसा ऐकतो

आवाज म्हणजे हवेतील कंप. बाहेरचा कान तो गोळा करून पडद्यापर्यंत नेतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. ही साखळी तो कंप आतल्या कानातील शंखाच्या आकाराच्या पोकळीत पोहोचविते. शंखात द्रव असतो आणि केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे १५,०००. या पेशी कंपाचे रूपांतर चेतासंदेशात करतात, आणि तो संदेश मेंदूत पोहोचला की आपण म्हणतो, “ऐकू आले.” या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. श्रवणऱ्हासाविषयी जे काही समजून घ्यायचे, त्यातील निम्मे या एका वस्तुस्थितीत आहे.

दोष शंखापर्यंतच्या वाटेवर असेल तर तो वहनजन्य, आणि शंखात किंवा त्यापुढील चेतातंतूत असेल तर चेताजन्य. काही रुग्णांत दोन्ही एकत्र आढळतात. हा भेद रुग्णाने जरूर विचारून घ्यावा, कारण पहिल्या प्रकारात औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळदा गुण येतो आणि दुसऱ्यात बहुधा येत नाही.

वहनजन्य दोषाची कारणे आपल्या भागात ओळखीची आहेत. मळ साचणे, मध्यकर्णाचा दाह, पडद्याला पडलेले छिद्र, आणि पावसाळ्यातील दमट हवेत कानात धरणारी बुरशी. रिकीब जखडल्यामुळेही ऐकणे कमी होते; हा दोष तरुण वयातही दिसतो. कान वाहणे ही तर आपल्याकडे तक्रारच समजली जात नाही. “लहानपणी सगळ्यांचेच कान फुटतात,” असे म्हणून ते सोडून दिले जाते. मुलाचा कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत असेल, किंवा येणाऱ्या पुवाला दुर्गंधी असेल, तर ते कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविलेच पाहिजे. एका प्रकारच्या रोगात आतील हाडे हळूहळू झिजतात आणि क्वचित संसर्ग मेंदूपर्यंतही जातो.

येथे खोबरेल तेलाविषयी लिहिणे प्राप्त आहे. कोमट तेलात लसूण कडवून कानात घालण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ती मायेपोटी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात जाते, आणि ओलावा राहिला की बुरशीला आयते घर मिळते. काडी, हेअरपिन वा किल्ली यांनी मळ निघत नाही. तो आत ढकलला जातो. कानातील मळ मुळात कानाच्या रक्षणासाठीच असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप बाहेर येतो.

आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही

आता त्या पहिल्या वाक्याकडे वळू. वयोमानानुसार येणारा श्रवणऱ्हास चेताजन्य असतो, दोन्ही कानांत सारख्या प्रमाणात येतो आणि वरच्या पट्टीतील ध्वनींपासून सुरू होतो. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांत जोर असतो. स, श, फ, त, थ, क यांसारखी व्यंजने क्षीण असतात आणि त्यांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. शब्दाचा आवाज स्वर देतात, पण अर्थ बहुतांशी व्यंजने देतात. साप, ताप, थाप, काप हे चार शब्द घ्या. व्यंजन ऐकू आले नाही तर चारही एकच. बाजारात ‘सातशे’चे ‘पाचशे’ होतात ते यामुळेच. आमच्या दृष्टीने त्याहून गंभीर म्हणजे “सात दिवस गोळी घ्या” याचेही “पाच दिवस” होते. रुग्ण मान डोलावतो, आम्हाला वाटते कळले.

दशावताराला पुढच्या रांगेत बसणारे एखादे आजोबा हळूहळू जाईनासे होतात. घरचे समजतात, वयामुळे जागरण झेपत नाही. मृदंग आणि झांज त्यांना उत्तम ऐकू येत असते. पण दशावतारातील संवाद लिहून ठेवलेले नसतात, ते रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचले जातात, आणि त्यातील कोटीवर सारा मांडव हसला की आपण का हसलो नाही, हे त्यांचे त्यांनाच कळत नाही. मग घरीच राहणे बरे वाटू लागते.

दुसरी एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकते. “हळू बोललो तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललो तर म्हणतात, ओरडतोस कशाला?” हा हेकटपणा नव्हे. शंखातील पेशी कमी झाल्या की हळू आवाज मुळीच पोहोचत नाही, परंतु आवाज थोडा वाढविला की तो एकदम असह्य वाटू लागतो. ऐकू येण्याची पायरी वर सरकते आणि सहन होण्याची पायरी होती तेथेच राहते. मधली जागा आकुंचन पावते. म्हणून ओरडून उपयोग होत नाही. समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, माजघरातून पडवीत बसलेल्या माणसाशी बोलू नये. प्रथम हाक मारून लक्ष वेधावे आणि मग सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. “हवे तेव्हा ऐकू येते” याचे उत्तरही यातच आहे : समोरासमोर, शांत खोलीत, ओळखीच्या विषयावर चाललेले बोलणे कळते, पंखा, दूरदर्शन आणि चार माणसांचा गलका यांत ते कळत नाही.

मोजल्यावाचून काही ठरवू नये

दृष्टी कमी झाली की आपण नंबर काढतो. कानाचाही नंबर काढता येतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. शांत खोलीत, कानाला हेडफोन लावून, निरनिराळ्या पट्टीतील सूर हळूहळू लहान करीत नेले जातात आणि रुग्णाला ऐकू येणारा सर्वांत क्षीण सूर कागदावर नोंदला जातो. हा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडे खालची पट्टी, उजवीकडे वरची. रेषा जितकी खाली, तितका ऱ्हास अधिक. वयोमानाच्या श्रवणऱ्हासात ही रेषा डावीकडे ठीक असते आणि उजवीकडे घाटातील रस्त्यासारखी उतरत जाते. रुग्णाच्या मुलाला हा कागद दाखविला की पुष्कळदा तो गप्प होतो. आई सोंग करीत नव्हती, हे त्याला प्रथमच डोळ्यांनी दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलपर्यंतचे सूर दोन्ही कानांनी ऐकू येणे म्हणजे सामान्य श्रवण. २० ते ३५ पर्यंत सौम्य ऱ्हास, ३५ ते ५० मध्यम, आणि पुढे टप्प्याटप्प्याने तीव्र. चांगल्या कानातील ऱ्हास ३५ च्या पुढे गेला की पुनर्वसनाची गरज आहे असे मानले जाते. याच संघटनेने ३ मार्च २०२१ रोजी प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालात अशा व्यक्तींची जगातील संख्या ४३ कोटी दिली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील आकडे वेगळे आहेत आणि त्यामुळे गोंधळ होतो. त्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’ आणि ७० डेसिबल ऱ्हास असलेली ‘कर्णबधिर’ मानली आहे. म्हणजे ४५ डेसिबल ऱ्हास असलेल्या आजींना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, पण श्रवणयंत्राचा उपयोग मात्र होईल. “सर्टिफिकेट नाकारले, म्हणजे कान चांगले आहेत” असा अर्थ लावून परत गेलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. कायद्यातील व्याख्या सवलती कोणाला द्यायच्या हे ठरविते. आजींना देवळातील कीर्तन कळते की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

दोन प्रसंगी मोजणीस मुळीच विलंब करू नये. एक, रात्री झोपताना ठीक असलेला एक कान सकाळी बंद होणे. याला कोणी मळ समजते, कोणी वारा लागला म्हणते, आणि आठवडे निघून जातात. हा अचानक आलेला चेताजन्य ऱ्हास असेल तर स्टिरॉईडचे उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच, सुरू होतील तितकी आशा अधिक. चेताजन्य दोषात औषधाचा उपयोग होण्याचा हा एक अपवाद, आणि तोच उशिरामुळे हातचा जातो. दुसरा प्रसंग अर्भकाचा.

थाळी वाजवून पाहिलेले मूल

घरातील वडीलधारी माणसे बाळाच्या पाठीमागे थाळी वाजवितात. बाळ दचकते. सगळे निश्चिंत होतात. परंतु थाळीचा आवाज फार मोठा असतो, तिचा हादरा अंथरुणालाही जाणवतो, आणि हात हलल्याची सावली बाळ पाहते. मध्यम किंवा तीव्र ऱ्हास असलेले मूलही या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. शिवाय ऐकू न येणारी मुलेही पहिल्या काही महिन्यांत हुंकारतात, गुंगुरतात. म्हणून संशय येत नाही. वर्ष उलटले तरी शब्द फुटत नाही तेव्हा आजी धीर देते, “याचा बापूसही उशिराच बोलला होता.” देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाणे जरूर घालावे. त्याच आठवड्यात तपासणीही करून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

मेंदूतील भाषेची घडण पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. त्या काळात आवाज पोहोचला नाही तर पुढे यंत्र लावूनही तो अर्थापर्यंत नेणे कठीण होते. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ हा क्रम जगभर स्वीकारला गेला आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी आणि मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो की नाही हे पाहणारी बेरा चाचणी, या दोहोंत बाळाला काही वेदना होत नाहीत. जन्मतः वजन फार कमी असलेले, जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेले, अतिदक्षता विभागात राहिलेले, मेंदूज्वर होऊन गेलेले, किंवा ज्याच्या कुटुंबात जन्मजात कर्णबधिरता आहे असे बाळ असेल तर ही तपासणी टाळूच नये. नात्यातील लग्नाचाही उल्लेख डॉक्टरांजवळ मोकळेपणाने करावा. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्ष-सव्वा वर्षाचे मूल एकही शब्द उच्चारत नसेल, तर वाट पाहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालवयातील श्रवणऱ्हासाची सुमारे ६० टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत. गर्भवतीला झालेला रुबेला हे त्यांतील एक. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी मुलांना लस देण्याचे टाळले होते. त्या लसीचा कानाशी काय संबंध, हे तेव्हा आम्हीही पुरेसे सांगितले नव्हते.

गोंगाट आणि औषधे

ट्रॉलरच्या इंजिनाजवळ काम करणारे खलाशी, जांभ्याच्या खाणीत चिरे कापणाऱ्या यंत्रावरील कामगार आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर नाचणारी मुले या तिघांच्या कानांवर एकच आघात होतो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सोसता येतो. ९० डेसिबलचा केवळ ४ तास. मिरवणुकीनंतर कानात रात्रभर शिट्टी वाजत राहणे ही पेशी दमल्याची खूण आहे, आणि काही त्यातून कधीच सावरत नाहीत. जेंटामायसीन, ॲमिकासीन, पूर्वी क्षयरोगावर सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसीन आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन ही औषधेही शंखातील पेशींना इजा करू शकतात. अशी औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. कानात आवाज येऊ लागला तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. मालवण-तारकर्लीस समुद्राखाली बुडी मारण्यास येणाऱ्या पाहुण्यांनी सर्दी असताना तो मोह टाळावा, अन्यथा दाबाने पडदा फाटू शकतो.

माहिती कोणाची घ्यावी

कानाविषयी माहितीचा तुटवडा नाही. वर्तमानपत्रात तेलाची जाहिरात असते, मोबाईलवर कांद्याच्या रसाचा संदेश फिरत येतो, शेजारच्या वाडीतील कोणाला तरी कोठल्याशा गोळीने गुण आलेला असतो, आणि चतुर्थीला गावी येणारा चाकरमानी मुलगा आईसाठी घरपोच मागविलेले यंत्र घेऊन येतो. हेतू सर्वांचे चांगले असतात, निदान शेवटच्या दोघांचे तरी. पण या चौघांपैकी एकानेही कान मोजलेला नसतो. माहिती पारखण्याची आमची पहिली कसोटी हीच आहे : सांगणारा आधी तपासणी करा म्हणतो, की आधी उपाय सांगतो?

दुसरी कसोटी कायद्यानेच दिली आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्यांच्या अनुसूचीत बहिरेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून ‘बहिरेपणावर हमखास औषध’ अशी जाहिरात दिसली, तर ती छापणाराच नियमाबाहेर गेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

तिसरी कसोटी थोडी सूक्ष्म आहे, कारण येथे खऱ्या शास्त्राचा आधार घेऊन विक्री होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत श्रवणऱ्हासाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत केली. यावरून “यंत्र घ्या, नाहीतर विसरभोळेपणा येईल” अशी भीती घातली जाते. प्रत्यक्षात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींची तीन वर्षे पाहणी झाली, आणि एकूण गटात बुद्धीच्या ऱ्हासावर यंत्राचा परिणाम दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका अधिक होता, अशा उपगटात मात्र तो ऱ्हास मंदावलेला आढळला. म्हणजे आशा आहे, हमी नाही. यंत्र घ्यावे ते नातवाचे बोलणे कळावे म्हणून. तेवढे कारण पुरेसे आहे.

तपासणी करणारी व्यक्ती कोण, हेही विचारावे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्याचे नाव त्या परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारणे यात उद्धटपणा नाही. ‘मोफत तपासणी’ विक्रेत्याने केली असली, तरी ऑडिओग्रामची प्रत मागून घ्यावी. ती देण्यास टाळाटाळ झाली तर खरेदी करू नये.

खात्रीची ठिकाणे कोणती? मुंबईत वांद्रे येथे केंद्र शासनाची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचे नाव धारण करणारी ही संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था त्याहूनही जुनी, १९६५ ची. या संस्थांनी पालकांसाठी प्रसिद्ध केलेले साहित्य विक्रीच्या हेतूपासून मुक्त आहे, आणि ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत, त्यांना वांद्र्यास तपासणी करून घेणे शक्य असते. सांकेतिक भाषा शिकू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये पूर्ण केला. तोंडाने बोलता येईल की नाही, या एकाच चिंतेत असलेल्या पालकांना आम्ही हा मार्गही आवर्जून सांगतो. भाषा कोणतीही असो, ती मुलापर्यंत वेळेत पोहोचणे अधिक महत्त्वाचे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर सुरुवात अंगणवाडीपासून होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला. त्याअंतर्गत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाड्या व शाळांत जातात. जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. मुलाविषयी शंका असल्यास पथक येण्याची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेस किंवा आशाताईंना सांगावे. पुढील तपासणी आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांसाठी ओरोस येथील जिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी आपल्याकडील रुग्ण गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही जात आले आहेत. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात आणि जन्मजात कर्णबधिर मुलांना पाच वर्षांच्या आत कॉक्लिअर रोपणासाठी साहाय्य मिळते. या पाच वर्षांच्या अटीमुळेच वर सांगितलेली वाट पाहण्याची सवय महाग पडते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश होतो.

डब्यातील यंत्रे

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिबिरात श्रवणयंत्रांचे वाटप केले. व्यासपीठ होते, छायाचित्रे निघाली, वाटलेल्या यंत्रांची संख्या त्या वर्षीच्या अहवालात ठळकपणे छापली गेली. पुढील वर्षी आमच्या परिचारिका घरी जाऊन चौकशी करू लागल्या तेव्हा त्यांतील पुष्कळ यंत्रे कपाटातील डब्यात, देवघराच्या फळीवर, एक तर शिवणाच्या मशीनच्या खणात सापडले. कारणे साधी होती. कानाचे माप घेऊन साचा केला नव्हता, म्हणून ती शिट्टी मारीत. सेल संपल्यावर नवा कोठे मिळतो, हे ठाऊक नव्हते. पावसाळ्यात आर्द्रतेने दोन-तीन बंद पडली. आणि पहिल्याच दिवशी पंखा, भांडी, पत्र्यावरचा पाऊस हे सारे एकदम कानावर आदळल्यामुळे “ह्या नको” म्हणून ती काढून ठेवली गेली. आम्ही यंत्रे मोजली, वापर मोजला नाही. दोष लाभार्थींचा नव्हता.

श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते. चष्मा लावताच दिसते. यंत्राची सवय मेंदूला व्हावी लागते. प्रथम शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना, दिवसातून तास-दोन तास. मग हळूहळू वेळ वाढवीत नेऊन, दीड-दोन महिन्यांनी चार माणसांत. त्या अवधीत दोन-तीन वेळा तज्ज्ञांकडून आवाजाची जुळवणी करून घ्यावी लागते. रात्री यंत्र काढून सेलचे दार उघडे ठेवावे आणि ते सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावे. पुडीतील खड्यांचा रंग बदलला की ती बदलावी. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात ही पुडी यंत्राइतकीच आवश्यक आहे. सेलवरील चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवावा. हवेशी संयोग होऊन चालणारा हा सेल असतो आणि पट्टी काढून ठेवलेला सेल न वापरताही संपतो.

म्हणून देणगीदारांना यापुढे आमची विनंती थोडी वेगळी राहील. यंत्राच्या किमतीबरोबर साचा, वर्षभराचे सेल, सिलिका जेल आणि श्रवणतज्ज्ञांच्या पुढील तीन भेटी यांचा खर्च धरूनच आम्ही एका रुग्णाचा हिशेब मांडू. त्यामुळे तेवढ्याच निधीत कमी रुग्णांना यंत्र मिळेल आणि अहवालातील संख्या पूर्वीपेक्षा लहान दिसेल. विश्वस्त मंडळात यावर मतभेद झाले, हे लपविण्याचे कारण नाही. लहान संख्येने देणगीदार नाराज होतील, अशी काहींची भीती होती. यंत्र दिल्यानंतर सहा महिन्यांनी ते किती जण दररोज वापरतात, ही संख्या पुढील अहवालापासून वाटपाच्या संख्येशेजारी छापण्याचे ठरले आहे.

तपासणीस येताना जुने अहवाल, चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधारकार्ड सोबत आणावे. आदल्या दिवशी मोठा गोंगाट टाळावा आणि कानात तेल घालू नये. रुग्णाबरोबर घरातील असा एक माणूस यावा, जो त्यांच्याशी रोज बोलतो. आणि कपाटात जुने यंत्र पडून असेल तर ते डब्यासकट घेऊन यावे. पुष्कळदा नवा साचा आणि नवा सेल एवढ्यावर ते पुन्हा सुरू होते.